‘उघडून पाहिले’ आणि ‘उघडू पाहिले’

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहते आणि गेले दीड वर्ष जपानी शिकते आहे. जपानी भाषेच्या प्रवीणता परीक्षेतल्या एन फोर या पातळीच्या तयारीसाठी आमच्या शिक्षिकेने ‘घरातील एक जुनी वस्तू’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला सांगितली होती. आमच्या घरी पणजोबांच्या हातमागाच्या काळातली एक लाकडी पेटी आहे, तिची किल्ली कधीच हरवली आहे. तिच्याविषयी मी लिहिले, ‘हाको ओ आकेते मिता गा, आकानाकात्ता’, म्हणजे ‘पेटी उघडून पाहिली, पण उघडली नाही’. शिक्षिकेने ‘आकेते मिता’ खोडून त्यावर ‘आकेयोओ तो शिता’ असे लिहिले. आमच्या इंग्रजी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकात या दोन्ही रूपांचा अर्थ ‘ट्राय करणे’ असाच दिला आहे. शब्दकोशात पाहिले, तर तामेसु, कोकोरोमिरु आणि दोर्योकु सुरु हे आणखी तीन शब्द त्याच अर्थाचे म्हणून भेटले. माझे नेमके काय चुकले, आणि यांतले कोणते रूप केव्हा वापरावे?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या शिक्षिकेची दुरुस्ती योग्य आहे. आपण मात्र चुकलात ते जपानी कमी येते म्हणून नव्हे, तर मराठीवर थोडा जास्त विश्वास टाकलात म्हणून. आणि ही चूक मला फार आवडली, कारण मराठी माणसाने जपानी शिकताना कोणती वाट धरावी आणि त्या वाटेवर खड्डा नेमका कुठे आहे, या दोन्ही गोष्टी तिच्यातून दिसतात.

आधी वाट पाहू. जपानीतले क्रियापदाचे ‘ते’ रूप म्हणजे, कामचलाऊ अर्थाने, आपले ‘ऊन’ लावलेले रूप होय. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘ताबेते’ म्हणजे खाऊन; ‘काकु’ म्हणजे लिहिणे, ‘काइते’ म्हणजे लिहून; ‘योमु’ म्हणजे वाचणे, ‘योन्दे’ म्हणजे वाचून; ‘सुरु’ म्हणजे करणे, ‘शिते’ म्हणजे करून. या रूपापुढे ‘मिरु’ हे क्रियापद आले की प्रयोग करून बघण्याचा अर्थ निघतो, आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन पाहणे, ‘काइते मिरु’ म्हणजे लिहून पाहणे. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला ‘खाणे’ आणि ‘पाहणे’ एकत्र येऊन ‘चव घेण्याचा प्रयोग’ कसा होतो हे उदाहरणे देऊन समजवावे लागते. आपल्याला ते समजवण्याची गरजच नाही, कारण आपण जन्मापासून आमटीत मीठ बरोबर आहे का ते चाखून पाहत आलो आहोत.

सोलापुरात तर ही गोष्ट मराठीपुरतीही मर्यादित नाही. आपल्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांत तेलुगू बोलतात, तेथे ‘चेसि चूडु’ म्हणजे करून पाहा; अक्कलकोटच्या बाजूला कन्नड सुरू झाली की ‘माडि नोडु’ म्हणजेही करून पाहा; आणि बाजारातल्या दखनी हिंदीत ‘खाके देखो’ आहेच. चारही भाषांत क्रम तोच, आधी कृती आणि मागून ‘पाहणे’. जपानी या चारांपैकी कोणाचीही सख्खी बहीण नाही. मराठी आर्य कुळातली, तेलुगू आणि कन्नड द्राविडी कुळातल्या, आणि जपानीचे कूळ निराळे. तरीही वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि त्याच्या पाठीवर दुसरे क्रियापद, ही रचना सगळीकडे दिसते. जपानच्या राष्ट्रीय जपानी भाषा व भाषाविज्ञान संस्थेत काम केलेले मराठी भाषक अभ्यासक प्रशांत परदेशी यांनी मराठी आणि जपानी क्रियापदांचा तौलनिक अभ्यास केला आहे, आणि या वाटेने गेलेल्या कोणालाही हे साम्य वरवरचे वाटत नाही.

‘ते मिरु’ ही रचना आधुनिक बोलीतली सवय आहे, असे समजण्याचेही कारण नाही. कि नो त्सुरायुकी या दरबारी कवीने इ. स. 935 च्या सुमारास ‘तोसा निक्की’ ही प्रवासाची दैनंदिनी लिहिली. त्या काळी पुरुष चिनी वळणाने दैनंदिनी लिहीत, म्हणून त्याने बाईचा आव आणून ‘काना’ या जपानी उच्चारलिपीत लिहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, की पुरुष लिहितात म्हणे ती दैनंदिनी बाईनेही लिहून पाहावी म्हणून मी ही लिहिते आहे. त्या वाक्यातले मूळ शब्द ‘शिते मिमु’ असे आहेत, म्हणजे शब्दशः ‘करून पाहावी’. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीचे ते दोन शब्द मराठीत आणताना एक अक्षरही इकडचे तिकडे करावे लागत नाही.

आता खड्डा. जपानीत ‘आकेते मिता’ म्हटले की पेटी उघडली गेली. निदान सर्वसाधारण समज तरी असाच होतो. ‘ते मिता’ या रूपात आधीची कृती पुरी झालेली असते, आणि ‘पाहिले’ हे त्या कृतीतून पुढे काय निघाले त्याविषयी असते: उघडून पाहिली, तर आत पणजोबांचे धोटे होते; उघडून पाहिली, तर आत फक्त वाळवी होती. त्यामुळे ‘आकेते मिता गा, आकानाकात्ता’ हे वाक्य जपानी माणसाच्या कानाला ‘पेटी उघडली आणि काय आहे ते पाहिले, पण पेटी उघडली नाही’ असे ऐकू येते, आणि तो गोंधळून आपल्याकडे बघत राहतो.

मराठीत हीच ओळ खपते, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की आपले ‘उघडणे’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते: मी पेटी उघडली, आणि पेटी उघडली. जपानीत यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. माणसाने उघडणे ते ‘आकेरु’ आणि वस्तूने आपोआप उघडणे ते ‘आकु’. आपण आपल्या वाक्यात ती दोन्ही बरोबर वापरली आहेत, त्यामुळे विसंगती आणखी ठळक झाली. दुसरे कारण असे की मराठीतले ‘करून पाहिले’ हे थोडे सैल आहे. ‘दार ढकलून पाहिले, उघडेना’ यात ढकलण्याची कृती पुरी झाली आहे, म्हणून जपानीतही ‘ओशिते मिता गा, आकानाकात्ता’ बिनधास्त चालते. पण आपण मराठीत त्याच ओघात ‘दार उघडून पाहिले, उघडेना’ असेही म्हणून जातो, जिथे कृती पुरी झालेलीच नसते आणि ‘उघडून पाहिले’ याचा अर्थ ‘उघडण्यासाठी खटपट केली’ इतकाच उरतो. ही सवलत जपानी सहसा देत नाही.

आपल्या शिक्षिकेने सुचवलेले दुसरे रूप नेमके याच खटपटीसाठी आहे. ‘आकेयोओ तो शिता’ यातले ‘आकेयोओ’ म्हणजे ‘उघडू या’ असे संकल्पाचे रूप. ‘इकु’चे ‘इकोओ’ म्हणजे जाऊ या, ‘ताबेरु’चे ‘ताबेयोओ’ म्हणजे खाऊ या, ‘सुरु’चे ‘शियोओ’ म्हणजे करू या, आणि ‘कुरु’चे ‘कोयोओ’ म्हणजे येऊ या. येथला ‘ओओ’ दीर्घ उच्चारायचा आहे. तो आखूड केला तर शब्द बिघडतो. पुढचा ‘तो’ हा आपल्या ‘असे’ किंवा ‘म्हणून’ सारखा, आणि ‘शिता’ म्हणजे केले. एकूण अर्थ होतो, ‘उघडू या असे केले’, म्हणजे संकल्प मनात राहिला नाही, हातापायात आला, पण तडीस गेला की नाही ते या रूपाने सांगितलेले नाही. बहुधा तो गेलेला नसतो, म्हणून पुढे ‘पण’ येतो: ‘ओकियोओ तो शिता गा, ओकिरारेनाकात्ता’, उठू पाहिले, पण उठता आले नाही.

वाचताना आपल्या लक्षात आले असेल, की मी ‘उठू पाहिले’ असे लिहिले. मराठीकडे यासाठीही ‘पाहणे’ आहे, आणि फरक एवढ्याशा ‘न’चा आहे. करून पाहणे म्हणजे ‘शिते मिरु’, करू पाहणे म्हणजे ‘शियोओ तो सुरु’. बोलताना आपण ‘करू पाहतो’ ऐवजी ‘करायला बघतो’ किंवा ‘करायला गेलो’ असे अधिक म्हणतो, पण अर्थाची जात तीच आहे: ‘तो मला फसवायला बघतो आहे’ हे जपानीत ‘दामासोओ तो शिते इरु’. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन शब्द, ‘करून पाहिले’ आणि ‘करू पाहिले’, शेजारी शेजारी लिहून ठेवावेत आणि ‘ट्राय’ हा शब्द खोडून टाकावा, अशी माझी शिफारस आहे. एका इंग्रजी शब्दाच्या पोटात ढकललेले हे दोन अर्थ आपल्या भाषेत आधीपासून वेगळे नांदत असताना मधला दुभाषा कशाला?

‘योओ तो सुरु’चे आणखी तीन उपयोग परीक्षेत आणि रोजच्या वाचनात वारंवार येतात. नकारात त्याचा अर्थ बराच कडक होतो. ‘यासाइ ओ ताबेयोओ तो शिनाइ’ म्हणजे भाजी खाण्याचा प्रयत्न करीत नाही असा मवाळ अर्थ नसून, भाजीला हात लावायलाच तयार नाही, असा आहे. दुसरा उपयोग ‘तोकि’ म्हणजे ‘वेळी’ या शब्दाबरोबर होतो: ‘देकाकेयोओ तो शिता तोकि, देन्वा गा नात्ता’, म्हणजे बाहेर पडणार तोच फोन वाजला. येथे खटपट नाही, अपयश नाही, केवळ उंबरठ्यावरचा क्षण आहे. आणि तिसऱ्यात तर माणूसही लागत नाही. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभे राहून ‘सूर्य मावळू पाहतो आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा सूर्य काही प्रयत्न करीत नसतो; जपानी माणूसही तेथे ‘हि गा शिझुमोओ तो शिते इरु’ असेच म्हणेल. ‘मावळू पाहणे’ ज्याला कळते, त्याला हे वाक्य पाठ करावे लागत नाही. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी मात्र ‘सूर्य प्रयत्न करतो’ या अर्थापाशी अडून बसतो.

याच्या अगदी शेजारी ‘इकोओ तो ओमोउ’ हे रूप बसलेले असते, त्यात ‘करणे’ऐवजी ‘वाटणे, विचार करणे’ असे क्रियापद आहे. ते आपले ‘जावे म्हणतो’. त्यात कृतीला सुरुवात झालेली नाही, एवढा भेद ध्यानात ठेवला की पुरे.

राहिले शब्दकोशातले तीन शब्द. ‘तामेसु’ हे स्वतंत्र क्रियापद असून त्याला कर्म लागते: नवे औषध, नवी पद्धत, स्वतःची ताकद आजमावणे. त्याला मी मराठीत ‘आजमावणे’ किंवा ‘चाचणी घेणे’ म्हणेन, आणि त्याच्यापुढे पुन्हा ‘मिरु’ लावून ‘तामेशिते मिरु’, आजमावून पाहणे, असेही जपानी माणूस सर्रास म्हणतो. हा शब्द ज्या चित्रलिपीतल्या अक्षराने लिहितात, तेच अक्षर ‘शिकेन’ म्हणजे परीक्षा या शब्दात पहिले आहे. आपण ज्या परीक्षेची तयारी करीत आहात तिच्या नावातही ते आहे. ‘कोकोरोमिरु’ हा लेखी, भारदस्त शब्द; ‘कोकोरो’ म्हणजे मन आणि ‘मिरु’ म्हणजे पाहणे यांपासून तो घडला. वर्तमानपत्रात गिर्यारोहकाने शिखर सर करण्याचा प्रयत्न केला असे लिहायचे असेल तर तो शोभतो, पेटीसाठी नव्हे. आणि ‘दोर्योकु सुरु’ म्हणजे दीर्घकाळ कष्ट घेणे, वाळूचे कण रगडून तेल काढण्याच्या जातीचा प्रयत्न. पेटीबाबत आपण तो वापरला असता, तर आपण कित्येक महिने रोज पहाटे उठून त्या कुलपाशी झुंजत आहात असे चित्र उभे राहिले असते.

शब्दकोशात आपल्याला न सापडलेले, पण एन फोरसाठी हवेच असे एक रूप मी माझ्याकडून घालतो, ते म्हणजे ‘योओ नि सुरु’. दिसायला ‘योओ तो सुरु’सारखे, म्हणून हमखास घोटाळा होतो. यात क्रियापद संकल्पाच्या नव्हे, तर साध्या रूपात असते: ‘माइनिचि कान्जि ओ इत्सुत्सु ओबोएरु योओ नि शिते इमासु’. अर्थ असा, की रोज पाच कांजी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरे, पाठ करायचीच, असे मी ठेवले आहे. एकदाच केलेली खटपट येथे नाही. कटाक्ष, नेम, सवय लावून घेणे आहे. आपल्या निबंधाला शेवट हवा असेल, तर ‘किल्ल्या हरवू नयेत याची आता मी काळजी घेते’ हे वाक्य ‘कागि ओ नाकुसानाइ योओ नि शिते इमासु’ असे लिहिता येईल.

प्रश्न : आमचा चादरी आणि टॉवेलचा लहानसा व्यवसाय आहे. मध्यंतरी एका प्रदर्शनात काही जपानी मंडळी आमच्या गाळ्यावर आली. ‘हात लावून पाहा’ एवढेही मला सांगता आले नाही. अशी दोन-चार वाक्ये सांगाल का? मोठ्या माणसांशी बोलताना ती उद्धट तर वाटणार नाहीत ना?
— एक व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : ‘सावात्ते मिते कुदासाइ’ म्हणजे हात लावून पाहा. ‘हिरोगेते मिते कुदासाइ’ म्हणजे उलगडून पाहा; सोलापुरी चादर घडीत असताना अर्धीच कळते, तेव्हा हे वाक्य आपल्याला अधिक उपयोगी पडेल. गाळ्यावर शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवणार असाल, तर ‘ताबेते मिते कुदासाइ’. अंगावर घालण्याची वस्तू असली तर ‘किते मिते कुदासाइ’. दुसरा रंग दाखवताना ‘कोचिरा मो मिते मिते कुदासाइ’ असेही म्हणता येते. शब्दशः ते ‘हेही पाहून पाहा’ असे होते आणि मराठीत जरा विचित्र वाटते, पण जपानीत ते अगदी सरळ आहे. लिहिताना पहिला ‘मिते’ चित्रलिपीतल्या अक्षराने आणि दुसरा ‘काना’ लिपीत लिहिण्याचा प्रघात आहे, त्यामुळे कोणता डोळ्यांनी पाहण्याचा आणि कोणता प्रयोगाचा, ते वाचणाऱ्याला दिसते.

गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट करून पाहा असे सुचवणे जपानीत उद्धटपणाचे नाही, कारण ‘मिते’ने आज्ञेची धार कमी होते, ‘घ्या’ आणि ‘घेऊन तर पाहा’ यांत आपल्याकडे जो फरक आहे तोच. वाक्याच्या आधी ‘योकात्तारा’, म्हणजे ‘हरकत नसेल तर’, जोडले की आणखी बरे. फक्त एक रूप टाळावे. ‘ताबेते गोरान’, ‘यात्ते गोरान’ असे आपण कोठे ऐकले असेल. यातला ‘गोरान’ मुळात ‘पाहणे’ याचा आदरार्थी शब्द आहे आणि ‘गोरान कुदासाइ’ म्हणजे ‘कृपया पाहावे’ हे पूर्ण आदराचे आहे. पण दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला नुसता ‘गोरान’ लावला की तो आजीने नातवाला ‘खाऊन बघ हं’ म्हणावे तसा होतो. आदराचा शब्द जिव्हाळ्याच्या वापरात एवढा खाली उतरलेला पाहून मला गंमत वाटते, पण खरेदीदारापुढे ती गंमत नको.

गिऱ्हाइकाने चादर उलगडून पाहिली, किंमत विचारली, मान डोलावली आणि ‘कान्गाएते मिमासु’ असे म्हटले, तर लगेच मापे लिहून घ्यायला बसू नये. त्याचा शब्दशः अर्थ ‘विचार करून पाहतो’ असा आहे, आणि नवी पेठेतल्या दुकानातून ‘बघतो, सांगतो’ म्हणून पायरी उतरणाऱ्या गिऱ्हाइकाइतकाच तो खरा असतो.

प्रश्न : माझा मुलगा खेळताना सारखा ‘गान्बारु’, ‘कात्ते मिसेरु’ असे कार्टूनमधले शब्द म्हणतो. हेही प्रयत्नाचेच शब्द आहेत का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : ‘गान्बारु’ म्हणजे नेट लावणे, कसून झटणे. कशाचा प्रयत्न, हे त्यात सांगावे लागत नाही. म्हणून परीक्षेला निघालेल्या मुलाला नुसते ‘गान्बात्ते’ म्हणून निरोप देतात. ‘कात्ते मिसेरु’ यातला ‘मिसेरु’ म्हणजे दाखवणे, आणि पूर्ण अर्थ ‘जिंकून दाखवीन’. ‘पाहणे’चे ‘दाखवणे’ झाले की प्रयोगाची प्रतिज्ञा होते, मराठीतही आणि जपानीतही. मुलगा हरून घरी आला, तर ‘कातोओ तो शिता’, जिंकू पाहिले, एवढे म्हणायला त्याला शिकवून ठेवा.